धबधब्यावरचा पूल पाडल्यानंतर

ग्रीनव्हिलच्या मेन स्ट्रीटवर मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी बाजार भरतो आणि तेवढा वेळ मोटारींना रस्ता बंद असतो. जुलै उजाडला की पीचच्या पेट्यांशेजारी भेंडीचे ढीग लागतात. अमेरिकेच्या दक्षिणेत भेंडी ही घरोघरची भाजी, त्यामुळे आम्हा चार-दोन मराठी घरांची पिशवी इथेच भरते. पन्नास वर्षांपूर्वी याच रस्त्यावरची कितीतरी दुकानं बंद पडली होती आणि कचेऱ्या सुटल्यावर इथे थांबायला कुणी तयार नसे. एवढा फरक कसा पडला आणि तो पडताना कोण मागे राहिलं, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायला हवेत. मी या भागात राहते. मला हा भाग मनापासून आवडतो आणि म्हणूनच दुसरा प्रश्न मला टाळता येत नाही.

ग्रीनव्हिल साउथ कॅरोलिना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी आहे. 2020 च्या जनगणनेत शहराच्या हद्दीत 70,720 माणसं मोजली गेली. हा आकडा फसवा आहे, कारण या राज्याच्या कायद्यात शहराची हद्द वाढवणं फार अवघड आहे. काउंटीची लोकसंख्या सव्वापाच लाखांवर आहे. मिशलिनचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय इथे, जीई व्हर्नोव्हाचा गॅस टर्बाइनचा कारखाना इथे, आणि शेजारच्या स्पार्टनबर्ग काउंटीत 1994 पासून बीएमडब्ल्यूच्या मोटारी तयार होतात. पुण्या-नाशकाकडचे इंजिनिअर इकडे आले ते या कारखान्यांमुळे. त्यांतले बहुतेक उपनगरांत अंगण आणि चांगली शाळा बघून घर घेतात. डाऊनटाऊनमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यवस्तीत, राहणारे थोडे.

मोटारींच्या आधी हे गाव कापडाचं होतं. जगाचं कापडकेंद्र अशीच ते स्वतःची ओळख सांगायचं. रीडी नावाची छोटी नदी शहराच्या मधोमध खडकांवरून कोसळते. त्या धबधब्याच्या जोरावर अठराव्या शतकात पिठाची चक्की फिरली आणि पुढे काठावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या. रंगखात्याचं पाणी थेट नदीत सोडलं जाई. त्या दिवशी गिरणीत जो रंग चालू असेल तो नदीला चढायचा, असं इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. गिरणीभोवती गिरणीवाल्यांचीच वस्ती असे: घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, शाळा आणि चर्चही कंपनीच्या पैशातलं. शूलेस जो जॅक्सन हा बेसबॉलमधला मोठा फलंदाज ब्रँडन मिलमध्ये पोरवयात कामाला लागला आणि गिरणीच्या संघातून खेळत वर गेला. 1919 च्या सामना-निश्चितीच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, 1921 मध्ये त्याच्यावर कायमची बंदी घातली गेली आणि तो पुन्हा याच गावाकडे परतला. त्याचं राहतं घर आता डाऊनटाऊनच्या पश्चिम टोकाला, बेसबॉलच्या मैदानासमोर हलवून तिथे संग्रहालय केलं आहे. तो ज्या गिरणीत राबला तिच्या इमारतीत आता उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे फ्लॅट आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यवस्तीची पडझड सुरू झाली. 1958 मध्ये फर्मन विद्यापीठ नदीकाठची जागा सोडून शहराबाहेर गेलं. 1968 मध्ये एक मॉल आला, 1980 मध्ये दुसरा, त्याहून मोठा. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि त्यामागोमाग दुकानंही गेली. 1960 च्या सुमारास वाहतुकीच्या सोयीसाठी नदीवर चौपदरी कॅम्परडाऊन पूल बांधला गेला होता, तो नेमका धबधब्याच्या वरून. ज्या धबधब्यामुळे गाव वसलं तो गावालाच दिसेनासा झाला. पुलाखाली झुडपं आणि कचरा. शहरात वाढलेल्या कित्येक मुलांना इथे धबधबा आहे हेच ठाऊक नव्हतं. इथल्या एका महिला-बागमंडळाने 1967 पासून त्या उपेक्षित काठावर झाडं लावायला सुरुवात केली. पुढे झालेल्या सगळ्या कामाचं पहिलं श्रेय मी त्या बायकांना देते.

ज्या माणसाने मेन स्ट्रीटचं रूप बदललं तो मूळचा व्हिएन्नाचा. मॅक्स हेलर 1937 साली ऐन तरुण होता. त्या उन्हाळ्यात फिरायला आलेल्या मेरी मिल्स नावाच्या ग्रीनव्हिलच्या मुलीशी त्याची ओळख झाली. पुढच्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू असलेल्या हेलरने तिला मदतीसाठी पत्र लिहिलं. तिने गावातल्या शर्टाच्या कारखान्याचे मालक शेप सॉल्ट्झमन यांना गाठलं आणि त्यांनी हेलरला नोकरीची हमी दिली. एकोणीस वर्षांचा हा मुलगा 1938 मध्ये इथे आला आणि कारखान्यात झाडू मारण्यापासून त्याने सुरुवात केली. दहा वर्षांत त्याने स्वतःचा शर्टाचा कारखाना काढला आणि 1971 ते 1979 तो शहराचा महापौर होता.

माणसं चालतात, बसतात, रेंगाळतात असा रस्ता त्याने लहानपणापासून पाहिलेला होता. मेन स्ट्रीट तेव्हा चार पदरी होता. सॅन फ्रान्सिस्कोचे भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हॅल्प्रिन यांच्या आराखड्यानुसार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो दोन पदरी केला गेला. उरलेली जागा पदपथांना मिळाली आणि त्यावर झाडं लावली. दुकानदारांना वाटलं, मोटारी कमी तर धंदा कमी. घडलं उलट, पण लगेच नाही. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे सुशोभीकरणाचं उद्घाटन झालं की काम संपतं. इथे रस्ता अरुंद झाल्यावर 1982 मध्ये मेन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला हयात हॉटेल आलं. त्यात शहराने स्वतःचा पैसा घातला आणि तळमजल्याचा मोठा भाग लोकांसाठी खुला राहील असं पाहिलं. 1990 मध्ये नदीजवळ नाट्यगृह-संगीतगृहाचं संकुल झालं. अशी दोन टोकं बांधल्यावर मधला रस्ता भरायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. आज ती झाडं रस्त्यावर कमान धरतात आणि ऑगस्टच्या उन्हातही तिथून चालता येतं.

पूल पाडण्याचं धाडस त्यानंतरचं. 1995 पासून महापौर असलेल्या नॉक्स व्हाइट यांनी तो विषय लावून धरला. चांगला, वाहता चौपदरी पूल पाडायचा हे अनेकांना पटेना. वाहतूक तुंबेल, असं सगळे म्हणत होते. पूल राज्याच्या महामार्ग खात्याचा, त्यामुळे आधी तो शहराच्या ताब्यात घ्यावा लागला. 2002 मध्ये पूल उतरवला गेला. 2004 मध्ये तिथे फॉल्स पार्क खुलं झालं आणि धबधब्यासमोर मिगेल रोझालेस यांनी रचलेला पायी चालण्याचा झुलता पूल उभा राहिला. हा लिबर्टी ब्रिज वळणदार आहे आणि त्याला एकाच बाजूने तारांनी तोललेलं आहे, म्हणून धबधब्याच्या बाजूला दृष्टीच्या आड येणारं काहीच नाही. या उद्यानाला हॉटेलातल्या जेवणाच्या बिलांवर लावलेल्या कराचा मोठा हातभार लागला. वाहतूक तुंबली नाही. ती आजूबाजूच्या रस्त्यांवर पांगली.

राहण्याच्या दृष्टीने खरं वळण इथून लागलं. आधी लोक मध्यवस्तीत जेवायला, नाटकाला यायचे आणि घरी परतायचे. उद्यान झाल्यावर नदीकाठी खाली दुकानं आणि वर घरं अशा इमारती उठल्या. एक बंद पडलेला रेल्वेमार्ग सायकलवाट झाला. लोक त्याला ‘स्वॉम्प रॅबिट’ म्हणतात. त्या जुन्या आगगाडीचंच ते टोपणनाव. या वाटेने सायकलवरून फर्मन विद्यापीठापर्यंत आणि पुढे ट्रॅव्हलर्स रेस्ट गावापर्यंत जाता येतं.

इथल्या राहणीत सुख पुष्कळ आहे. दवाखाना, वाचनालय, नाटक, नदी सगळं पायी अंतरावर. म्हातारी माणसं एकटी फिरताना दिसतात, कारण बसायला बाक आहेत आणि ओळखीचं कुणीतरी भेटतंच. मोटार दोन-दोन दिवस जागची हलत नाही. अमेरिकेच्या या भागात ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. त्रास आहेत ते बहुतेक यशाचे. शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत गाणी, पहाटे कचऱ्याच्या गाड्या, सणासुदीला बंद रस्ते. भाडी चढली तशी रोजच्या गरजेची छोटी दुकानं गेली. जेवायला शंभर ठिकाणं आहेत, पण चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा तर उपनगर गाठावं लागतं. आमच्या इमारतीत शाळकरी मुलं अगदी थोडी. तिसरं माणूस घरात आलं की जोडपी बाहेर पडतात, कारण तीन खोल्यांचं घर बांधण्यापेक्षा एका खोलीची दोन घरं बांधण्यात बिल्डरला जास्त मिळतं. आणि ज्या खानावळींच्या गजबजीसाठी लोक इथे घर घेतात, त्यांच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्यांना या परिसरात घर परवडत नाही.

या रस्त्यावर कुणाला जागा आहे आणि कुणाला नाही, या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. मेन स्ट्रीटवर आजही क्रेस दुकानाची इमारत उभी आहे. 9 ऑगस्ट 1960 रोजी दहा कृष्णवर्णीय तरुण तिथल्या फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना अटक झाली आणि 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. काउंटरवरच्या घटनेच्या थोडंच आधी, 1960 च्याच जुलैमध्ये, सार्वजनिक वाचनालयात बसून राहिल्याबद्दल आठ विद्यार्थ्यांना अटक झाली होती. त्यांत याच शहरात जन्मलेले, पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते झालेले जेसी जॅक्सन होते. रस्त्यावर बसण्याचा हक्क कृष्णवर्णीयांनी असा मिळवला. पण पुढे रस्ता देखणा झाला आणि भोवतालच्या त्यांच्या वस्त्यांतल्या जमिनीला भाव आला. 1990 मध्ये शहरात कृष्णवर्णीय साधारण एक तृतीयांश होते. 2020 पर्यंत हा वाटा एक चतुर्थांशाच्याही खाली घसरला.

हे कसं घडतं ते इथल्या करपद्धतीत दिसतं. साउथ कॅरोलिनात मालक स्वतः राहत असलेल्या घराचा कर बाजारभावाच्या 4 टक्क्यांवर आकारतात, भाड्याने दिलेल्या घराचा 6 टक्क्यांवर. शिवाय स्वतः राहणाऱ्या मालकाला शाळांच्या चालू खर्चाचा कर माफ आहे. म्हणजे परिसराचा भाव वाढला की ज्याचं घर स्वतःचं आहे तो बऱ्यापैकी तगून राहतो आणि भाडेकऱ्यावर मात्र घरमालकाच्या वाढलेल्या कराचा बोजा येतो. त्यात राज्याच्या कायद्याने शहरांना भाडेनियंत्रण करायची मनाई आहे. आणखी एक: दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरमूल्यांकनात वाढ 15 टक्क्यांपर्यंत रोखलेली आहे, पण घर विकलं गेलं की ती मर्यादा उठते. त्यामुळे भाड्याचं जुनं घर नव्या मालकाकडे गेलं की पुढच्याच वर्षी कर उसळतो आणि भाडंही.

शहराच्या हातात मग एकच भक्कम साधन उरतं, स्वतःची जमीन. आणि ती जमीन जेव्हा स्वस्त होती तेव्हा, म्हणजे हेलरच्या काळापासून फॉल्स पार्कपर्यंत, सगळं लक्ष लोकांना इथे आणण्यावर होतं. ते साहजिक होतं. ओसाड रस्त्यावर परवडणाऱ्या घरांची चिंता कोण करणार? पण नेमकी तीच वेळ असते. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 नुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेला, एक घरांना आणि एक मालकाला जायचा होता. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने त्या जमिनींचा एकत्रित विचार करायलाही सुचवलं. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली, आणि शहराच्या वाट्याला येणारी जमीन फार थोडी राहिली. गिरणगावात पुढे काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरलं की दिसतं.

ग्रीनव्हिलने उशिरा का होईना, हालचाल केली आहे. डाऊनटाऊनच्या पश्चिमेला सदर्नसाइड या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीला लागून मे 2022 मध्ये 60 एकरांचं युनिटी पार्क खुलं झालं. या जागेवर कृष्णवर्णीय मुलांसाठी मेबेरी पार्क होतं. तीसच्या दशकाच्या अखेरीस त्यातली निम्मी जागा काढून गोऱ्यांच्या संघाला बेसबॉलचं मैदान दिलं गेलं. नव्या उद्यानात हा इतिहास लिहून ठेवला आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. त्याहून महत्त्वाची आहे उद्यानालगतची सुमारे आठ एकर जमीन, जी शहराने परवडणाऱ्या घरांसाठी दिली आहे. फॉल्स पार्कच्या वेळी असं काही झालं नव्हतं.

आता सगळा प्रश्न मुदतीचा आहे. अमेरिकेत अशी घरं बहुधा केंद्र सरकारच्या करसवलतीवर बांधली जातात, आणि त्यात भाडं परिसरातल्या मध्यम उत्पन्नाशी साधारण तीस वर्षं बांधलेलं असतं. तीस वर्षांनी बंधन सुटतं आणि तोवर जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. जमिनीची मालकी शहराकडे किंवा एखाद्या भूविश्वस्त संस्थेकडे कायम ठेवली तर बंधनही कायम ठेवता येतं. या आठ एकरांपलीकडे सदर्नसाइडमध्ये अजून रिकामे भूखंड आहेत, आणि तिथल्या मंडळींना घर रोखीने विकत घेतो म्हणणारी अनोळखी पत्रं येत असतात. ते भूखंड शहराने आधी घ्यायला हवेत आणि या वर्षी ते जेवढ्याला मिळतील तेवढ्याला पुढच्या वर्षी मिळणार नाहीत.