गोष्ट पाहायची की करायची?

व्हिडिओ गेममधील कथा चित्रपट-मालिकांच्या तोडीची असते काय? ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३ चा गेम आणि त्यावरील एचबीओची २०२३ मधील मालिका यांतून याचे उत्तर मिळते. साथीवरील उपाय एलीचा जीव घेऊनच मिळणार असतो. तिला लेकीसमान मानणारा जोएल शल्यविशारदाला ठार करून तिला सोडवतो. मालिकेचा प्रेक्षक हे पाहतो आणि जोएलचा न्याय करून मोकळा होतो. गेममध्ये मात्र खेळाडूने स्वतः हे कृत्य केल्याखेरीज कथा पुढे सरकतच नाही. बिल आणि फ्रँक यांची गेममध्ये ओझरती आलेली कहाणी मालिकेने अधिक फुलवली, हे खरे. तथापि, अपराधात वाटेकरी करून घेण्याचे सामर्थ्य गेमपाशीच आहे.