मैदानी पेशे (भाग ९) : मुलींच्या फुटबॉल संघाचा महाविद्यालयीन प्रशिक्षक

वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयात फुटबॉल प्रशिक्षक असे वेगळे पद सहसा नसते. मुलींचा फुटबॉल संघ शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाकडे येतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावण्याच्या शर्यती हे सगळे त्याच माणसाकडे असते आणि फुटबॉल त्यात भर म्हणून येतो. त्यामुळे या पेशाची सुरुवात फुटबॉलपासून होत नाही, शारीरिक शिक्षणाच्या पदवीपासून होते. विदर्भात या शिक्षणाची जुनी पेठ म्हणजे अमरावती. तिथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी ही त्या परंपरेची मुळे, म्हणून तिथून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाच्या हाताशी देशी खेळ आधी असतात आणि फुटबॉल नंतर येतो.

नेमणुकीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ठरवले आणि महाराष्ट्र शासनाने ते ८ मार्च २०१९ च्या निर्णयाने लागू केले. शारीरिक शिक्षणात किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि त्यासोबत नेट किंवा सेट, हा सर्वसाधारण मार्ग. उमेदवार स्वतः महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या संघातून खेळलेला असावा लागतो. शारीरिक क्षमतेची चाचणीही आहे: तिशीपर्यंतच्या महिलेने ८ मिनिटांत १००० मीटर, तर पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापायचे. पूर्णवेळ पदाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. मात्र पद मंजूर होऊन भरले जाईपर्यंत अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर निघून जातात. या सगळ्या अटींत फुटबॉल शिकवण्याच्या परवान्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि ही उणीव मोठी आहे. मुलींना ऑफसाइड समजावून सांगणाऱ्या माणसाला तो खेळ शिकवण्याचे शिक्षण मिळालेच पाहिजे, असा आग्रह व्यवस्थेने धरायला हवा.

तो परवाना ज्याने त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवायचा असतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांनंतर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे टप्पे आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआयएसचा, पदविका अभ्यासक्रम ही दुसरी वाट. नोकरी सांभाळून यांतले काहीही करायचे तर रजा, प्रवास आणि शुल्क यांचा मेळ घालावा लागतो.

प्रत्यक्ष काम प्रवेशाच्या दिवसांत सुरू होते. संघासाठी निवडायला तयार खेळाडू समोर नसतातच. कबड्डीतली चपळ मुलगी बचावाला, धावपटू बगलेला, व्हॉलीबॉलमध्ये हात चालणारी उंच मुलगी गोलरक्षक, अशी जुळवाजुळव करावी लागते. अनेकींच्या पायाला चेंडू पहिल्यांदा लागतो तो सतरा-अठराव्या वर्षी. पहिले कित्येक दिवस एकच धडा चालतो: बोटाच्या टोकाने चेंडू ठोकायचा नाही, पायाच्या आतल्या बाजूने ढकलायचा आणि तो येताना पाय किंचित मागे घ्यायचा. ही सवय अंगवळणी पडली की मग खेळाची चर्चा.

काळ्या मातीचे मैदान हा वेगळाच प्रश्न. पावसाळ्यात बूट चिखलात रुततात, पुढे जमिनीला भेगा पडतात आणि चेंडू वाकडी उसळी घेतो. घोटे तिथेच मुरगळतात. मुलींमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून उडी मारून खाली येताना गुडघे आत वळत नाहीत ना, हे चांगला प्रशिक्षक बारकाईने पाहतो. फिफाचा ‘११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम त्यासाठीच आहे आणि त्याला जवळपास काही खर्च येत नाही. रक्तक्षयाचाही विचार करावा लागतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. दमणारी प्रत्येक मुलगी आळशी नसते.

सरावाची वेळ एसटी ठरवते. संध्याकाळची गाडी चुकली की मुलगी घरी कशी पोहोचणार, हा पालकांचा पहिला सवाल असतो आणि तो रास्त आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मैदान रिकामे पडते. स्पर्धांचा हंगामही त्याच सुमारास येतो. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्या संघात एखादी मुलगी पोहोचून ‘कलर होल्डर’ झाली, तर प्रशिक्षकाचे वर्ष सार्थकी लागले. पण पदवी तीन वर्षांची. खेळ हातात बसतो तेव्हा मुलगी निरोप समारंभात उभी असते आणि प्रशिक्षक पुन्हा पहिल्या धड्यावर येतो.

अमेरिकेत हाच पेशा पूर्ण वेळेचा आणि एकाच खेळाचा आहे. शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा कायदा झाल्यावर विद्यापीठांना मुलींच्या संघांवर खर्च करावा लागला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अ‍ॅन्सन डोरन्स यांनी १९७९ पासून २०२४ पर्यंत महिला संघ सांभाळला आणि २२ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. मधल्या काळात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने १९९१ चा पहिला महिला विश्वचषक जिंकला.

आपल्याकडे महाविद्यालयाबाहेरची वाट अरुंद असली तरी ती आहे. गोव्याच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू मेमोल रॉकी २०१७ साली भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. गडहिंग्लज तालुक्यातील अंजू तुरंबेकर यांनी ए परवाना मिळवला आणि राष्ट्रीय महासंघात तळागाळातील मुलामुलींच्या फुटबॉलचे काम पाहिले. विदर्भात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना खेळताना पाहून ‘स्लम सॉकर’ उभे केले. पुढे मुलीही त्यात आल्या आणि २०१६ साली संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. बारसे यांनी चेंडू महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर नेला. वाशिमच्या क्रीडा संचालकालाही संघ उभा करायचा तर आसपासच्या शाळांत सातवी-आठवीच्या मुलींपर्यंत जावेच लागते, आणि नेमणुकीच्या कागदात नसलेले हे काम जे करतात, त्यांच्याकडेच तीन-चार वर्षांनी चेंडू पायात घेऊन आलेल्या मुली प्रवेश घेतात.