टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आधी तेलाचे गणित समजून घ्या

अलीकडे फवारणी, गवतकापणी, कोळपणी यांसाठी लहान पेट्रोल इंजिनांचा वापर गावोगावी वाढला आहे. ही इंजिने टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक अशा दोन प्रकारची असतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, दोन्ही दोरी ओढूनच सुरू होतात. त्यामुळे एका यंत्राची सवय दुसऱ्याला लावली जाते आणि ऐन हंगामात इंजिन जाम होते.

स्ट्रोक म्हणजे दट्ट्याची, म्हणजेच पिस्टनची, सिलिंडरमधील एक धाव. फोर-स्ट्रोक इंजिनात पहिल्या धावेत हवा व पेट्रोल आत येते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगी पडून स्फोट होतो आणि चौथीत धूर बाहेर जातो. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ताकद मिळते. विहिरीवरचे आपल्या ओळखीचे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनही सामान्यतः याच जातीचे. फक्त तेथे ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते.

टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन धावांत उरकते. दट्ट्या वर जाताना वरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये नवे मिश्रण ओढले जाते. स्फोटानंतर दट्ट्या खाली आला की सिलिंडरच्या भिंतीतील भोके उघडतात, धूर निघून जातो व खालचे मिश्रण वर येते. दर फेऱ्याला ताकद मिळते, वॉल्व्ह लागत नाहीत, म्हणून यंत्र हलके व सुटसुटीत असते. मात्र धूर जाण्याचे व मिश्रण येण्याचे भोक काही क्षण एकदमच उघडे राहते आणि थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते. लुना आणि हिरो होंडा सीडी १०० या दोन्ही गाड्या ज्यांनी वापरल्या, त्यांना पेट्रोलच्या खर्चातील आणि धुरातील फरक वेगळा सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये वंगणाचे तेल भरलेले असते. टू-स्ट्रोकमध्ये तीच जागा पेट्रोलची वाट असल्याने तेथे तेल साठवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. नुसते पेट्रोल घातले तर इंजिन सुरू होते, काही वेळ चांगले चालतेही, आणि मग दट्ट्या सिलिंडरला घासून पकडतो. त्यानंतरचा खर्च कधी कधी नव्या यंत्राच्या जवळपास जातो. उलट तेल जास्त झाले तर धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचून ताकद घटते.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतच पाहावे, शेजाऱ्याच्या यंत्रावरून ठरवू नये. १:५० लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली आणि १:२५ असेल तर ४० मिली तेल लागते. बाटलीच्या झाकणाने मोजू नये, कारण झाकणे लहानमोठी असतात. औषधाचे मापही वापरू नये. वेगळ्या कॅनमध्ये निम्मे पेट्रोल घेऊन त्यात तेल घालावे, हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. तेल टू-टी म्हणून मिळते तेच घ्यावे. ट्रॅक्टरचे इंजिन ऑईल यात चालत नाही, ते नीट जळत नाही व काजळी धरते. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओल ओढते, म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

फोर-स्ट्रोकमध्ये नेमके उलटे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नाही, पण रोज यंत्र सपाट जागी ठेवून तेलाची पातळी पाहायची. नव्या यंत्राचे पहिले तेल साधारण २० तासांनी, पुढे पुस्तिकेप्रमाणे बदलावे. उतारावर यंत्र फार कलले तर तेल एका बाजूला जाते व वंगण मिळत नाही, हे कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

म्हणून उतारावरचे गवत काढायचे, करवत आडवीतिडवी धरायची, तर आमच्या मते टू-स्ट्रोक सोयीचे. कोणत्याही कोनात चालणारे लहान फोर-स्ट्रोकही आता मिळतात, पण ते सहसा महाग व थोडे जड असतात. जमिनीवर ठेवून तासन् तास चालणारा पंप किंवा पॉवर वीडर घ्यायचा असेल तर फोर-स्ट्रोकच घ्यावे.

यंत्र कोणते आहे हे ओळखणे सोपे आहे. पेट्रोलच्या टाकीशिवाय क्रँककेसमध्ये तेल भरण्याचे वेगळे झाकण, बहुधा तेल पाहण्याच्या पट्टीसह, असेल तर ते फोर-स्ट्रोक. नसेल तर टू-स्ट्रोक. घरात दोन्ही यंत्रे असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवावेत आणि मिश्रणाच्या कॅनवर तेलाचे प्रमाण ठळक लिहून ठेवावे, म्हणजे गड्याने भरले तरी चूक होणार नाही.