वास 3 अंशांवर उकळणारा

बांगड्याला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळलं की उग्र वास बराच उतरतो, हे मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. त्यामागचं रसायनशास्त्र आम्हा डॉक्टरांना बाह्यरुग्ण विभागातही उपयोगी पडतं.

हा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाईनचा. मासा मेल्यावर त्याच्या मांसातल्या एका बिनवासाच्या पदार्थापासून जिवाणू ते तयार करतात. त्याच्या रेणूत 3 कार्बन, 9 हायड्रोजन आणि 1 नायट्रोजन. हेच अणू वेगळ्या तऱ्हेने जोडले की प्रोपिलअमाईन होतं. रेणूचं वजन तेवढंच, पण प्रोपिलअमाईन सुमारे 48 अंश सेल्सिअसला उकळतं आणि ट्रायमिथाइलअमाईन अवघ्या 3 अंशांना! म्हणजे जवळपास फ्रिजमधल्या तापमानाला.

एवढा फरक का? प्रोपिलअमाईनच्या नायट्रोजनला दोन हायड्रोजन जोडलेले असतात आणि शेजारच्या रेणूचा नायट्रोजन त्यांना स्वतःकडे ओढतो. हा हायड्रोजन बंध. रेणू असे एकमेकांना धरून असले की त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते. ट्रायमिथाइलअमाईनच्या नायट्रोजनला तिन्ही बाजूंनी कार्बन. शेजाऱ्याने धरावं असा हायड्रोजनच नाही. म्हणून ते सहज उडून जातं, थेट आपल्या नाकात. आम्ल मिळालं की मात्र हा रेणू विद्युतभारित होतो आणि पाण्यातच अडकून राहतो. (नासका मासा लिंबाने ताजा होत नाही, हेही सांगून ठेवतो.)

आता दवाखान्यातली गोष्ट. योनिमार्गात आम्ल तयार करणारे उपकारक जिवाणू असतात. ते कमी झाले की आम्लता घटते, इतर जिवाणू माजतात आणि तेच ट्रायमिथाइलअमाईन तयार होतं. अंगावरून पातळ, करडं-पांढरं जातं, माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचा थेंब टाकला की अडकलेलं अमाईन सुटून वास उसळतो. ही आमची जुनी, स्वस्त तपासणी.

आपला नेहमीचा साबणही अल्कधर्मीच. वासाच्या लाजेने स्त्रिया दिवसातून चार वेळा साबण लावतात, वास आणखी जाणवतो, मग आणखी साबण. घरातून ‘स्वच्छता ठेवत नाहीस’ असं ऐकावं लागतं ते वेगळंच. हा अस्वच्छतेचा आजार नाही. उलट, आतून धुण्याने उपकारक जिवाणूच वाहून जातात. लिंबाचा प्रयोग तर तिथे मुळीच नको; नाजूक त्वचा भाजेल.

डॉक्टरांनी सांगितलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या साधारणपणे 7 दिवस घ्याव्या लागतात. वास गेला म्हणून मध्येच सोडू नका. गरोदरपणात हा त्रास झाला तर थांबू नका, लगेच दाखवा. वेळेआधी प्रसूती होण्याशी या आजाराचा संबंध आढळलेला आहे.