धूर गेला, आवाज गेला. पातं मात्र तेच!

रविवारची सकाळ. सोसायटीच्या बागेत माळीदादांनी ब्रश कटर सुरू केला की तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड बंद होतात. कापलेल्या गवताचा वास येण्याआधी पेट्रोल-ऑइलच्या धुराचा वास घरात शिरतो. या त्रासाला कंटाळून आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी बॅटरीवर चालणारा लॉन मॉवर घेतला. पहिले दोन महिने ते भेटेल त्याला सांगायचे, “आपल्या मिक्सरपेक्षा आवाज कमी!”

जुलैतल्या एका सकाळी ओल्या गवताचा लगदा पात्याखाली अडकला आणि यंत्र गप्प झालं. सरांनी ते तिरपं केलं आणि लगदा काढायला हात घातला. सात वर्षांचा नातू दांड्यापाशी उभा होता. “आजोबा, आता चालू करू?” असं म्हणत त्याने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात व्हरांड्यातून त्यांच्या पत्नी ओरडल्या, “अहो, आधी ती बॅटरी काढा!” सरांनी हात झटकन मागे घेतला. काही झालं नाही. पण पुढचे दोन दिवस त्यांना तो क्षण आठवून धडधडत होतं.

बॅटरीवरचा मॉवर आता शहरांतल्या बंगल्यांत आणि फार्महाउसवर दिसू लागला आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे फायदे खरे आहेत. मात्र जे धोके तो कमी करत नाही, तेही तितकेच खरे आहेत. दोन्ही बाजू एकदा नीट पाहू.

धुराचा हिशेब

गवत कापायच्या लहान पेट्रोल यंत्रांकडे आपण कधी प्रदूषणाच्या नजरेने पाहत नाही. पण मोटारगाडीच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारं जे उपकरण असतं, ते या इंजिनांत बहुधा नसतं. ब्रश कटरचं टू-स्ट्रोक इंजिन तर त्याहून वाईट. त्यात ताजं इंधन आत येण्याची आणि जळालेला वायू बाहेर जाण्याची क्रिया एकाच वेळी चालते. त्यामुळे बरंचसं पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं. त्यासोबत इंधनात मिसळलेल्या ऑइलचा निळसर धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झिन असतं. बेन्झिन हे माणसात कर्करोग घडवणारं रसायन म्हणून सिद्ध झालेलं आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या हवा नियंत्रण मंडळाने याचा एक हिशेब मांडला आहे. व्यावसायिक पेट्रोल मॉवर एक तास चालवला, तर धुरकं निर्माण करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं नवी मोटारगाडी सुमारे ३०० मैल, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर चालवल्यावर होतं. मुंबईहून निघून सोलापूरच्याही पुढे जाण्याएवढं हे अंतर आहे. हा हिशेब धुरकं करणाऱ्या वायूंचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा नाही, हे लक्षात ठेवावं. याच कारणाने कॅलिफोर्नियाने २०२१मध्ये कायदा केला आणि २०२४पासून अशा नव्या लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीला चाप लावला. लोकांकडे असलेली जुनी यंत्रं वापरायला मात्र बंदी नाही.

बॅटरीच्या मॉवरमधून धूर निघत नाही. “पण वीज कोळशाचीच ना?” असं कुणी विचारेल. बरोबर आहे, चंद्रपूर किंवा कोराडीच्या चिमणीतून थोडा धूर निघतोच. मात्र इलेक्ट्रिक मोटर वाया फार कमी घालवते. घरगुती मॉवरच्या मध्यम बॅटरीत साधारण १८० ते २०० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे एका चार्जिंगला पाव युनिटच्या आसपास वीज लागते. शिवाय यंत्र चालवणाऱ्याच्या नाकापासून दोन हातांवर धूर निघत नाही, हा आरोग्याचा मोठा लाभ आहे.

एक गोष्ट मात्र बॅटरी बदलू शकत नाही. गवत कापताना परागकण, धूळ आणि बुरशीचे कण उडतातच. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी मास्क लावावा आणि गवताला तुरे येण्याआधीच ते कापावं.

कानांचं काय?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण हे माप साध्या बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. व्यावसायिक आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेतली ‘नियॉश’ ही संस्था सांगते, की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास काम करावं. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९४ डेसिबलला ती फक्त एक तास उरते.

पेट्रोलवरचे अनेक मॉवर आणि ब्रश कटर चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे जातात. बॅटरीचे मॉवर साधारणपणे ७५ ते ८५ च्या दरम्यान राहतात. आपल्या घरी महिन्यातून दोनदा अर्धा तास गवत कापणाऱ्याला हा फरक सोयीचा वाटेल. पण दिवसभर चार सोसायट्यांत ब्रश कटर खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माळीदादांसाठी हा फरक म्हणजे पन्नाशीत ऐकू येणार की नाही, याचा प्रश्न आहे. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. इंजिनाच्या कंपनाने बोटं बधिर होण्याचा त्रासही त्यांनाच होतो. सोसायटीने नवं यंत्र घेतलं नाही, तरी कान झाकणारे मफ आणि डोळ्यांना चष्मा देणं फार खर्चाचं नाही.

शांततेचा धोका

आता सरांच्या अंगणातल्या त्या क्षणाकडे येऊ. पेट्रोलचं इंजिन धडधडत असतं, तेव्हा आपण आपोआप चार हात लांब राहतो. आवाज हाच इशारा असतो. बॅटरीचं यंत्र थांबलं की अंगणात शांतता होते आणि मन म्हणतं, ‘बंद आहे.’ प्रत्यक्षात बॅटरी जागेवर असेपर्यंत ते बंद नसतं, फक्त थांबलेलं असतं. पात्यात काही अडकलं की मोटर जळू नये म्हणून आतलं इलेक्ट्रॉनिक मंडळ वीज तोडतं. पुन्हा कळ दाबली की पातं पूर्ण ताकदीने फिरायला एक क्षण पुरतो. पेट्रोल इंजिनासारखी दोरी खेचायची गरज नाही, ही सोय आहे आणि धोकाही तोच आहे.

पात्याची ताकद किती? ३३ सेंटीमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास जातो. त्याखाली आलेला खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा त्या वेगाने बाहेर फेकला जाऊ शकतो. अमेरिकेत १९८२पासून नियम आहे, की दांड्यावरची कळ सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. मात्र कळ सोडून लगेच वाकणाऱ्या माणसाला तीन सेकंद जास्तच आहेत.

म्हणून काही सवयी पक्क्या कराव्यात. पात्याला हात लावण्याआधी कळ सोडा, पातं थांबलेलं डोळ्यांनी पाहा, सुरक्षा किल्ली असेल तर ती काढा आणि बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवा. लगदा बोटांनी नव्हे, काठीने काढा. यंत्र बंद असलं तरी पात्याची धार कापतेच. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. सुरुवात करण्याआधी हिरवळीवरून एक फेरी मारून दगड, खेळणी, पाइप उचला. पावसाळ्यात गवत वाढलेलं असेल तर आधी लांब काठीने ते चाळवून बघा. सापविंचू असू शकतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १२ वर्षांखालच्या मुलांच्या हाती मॉवर देऊ नये असं सांगते. लहान मुलांनी यंत्र चालू असताना अंगणातही नसावं.

पावसाळा आणि बॅटरीची तब्येत

आपल्याकडे गवत सर्वाधिक वाढतं ते पावसाळ्यात, आणि बॅटरीच्या मॉवरला सर्वांत जड जातं ते ओलं, उंच गवत. जूनमध्ये सोडून दिलेली हरळी ऑगस्टमध्ये एकदम कापायला गेलात, तर पातं अडकणार, बॅटरी तापणार आणि मग हात पात्याकडे जाणार. उपाय सोपा आहे. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा एवढंच कापा, पण वरचेवर कापा. उघडीप मिळाली की गवत वाळू द्या आणि मग यंत्र काढा. पात्याला वर्षातून एकदोनदा धार लावा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. बॅटरीही लवकर संपवतं. बारीक कापलेलं गवत तिथेच पडू दिलं, तर त्यातलं नत्र मातीला परत मिळतं आणि खत कमी लागतं.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. काम संपताच ती गरम असते. अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जरला लावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका. काही महिने वापर नसेल तर साधारण निम्मी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. चार्जर कंपनीने दिलेलाच वापरा. रात्रभर झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दारापाशी चार्जिंग करू नका. बॅटरी फुगली, पडून चेपली किंवा तिला वेगळा वास येऊ लागला तर वापर थांबवा. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे विकत घेतानाच विक्रेत्याला ‘जुनी कुठे द्यायची?’ हे विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न, घ्यावा का? दोन चटयांएवढी हिरवळ असेल तर हाताने ढकलायचा, फिरत्या पात्यांचा साधा मॉवर पुरतो. त्याला ना पेट्रोल लागतं ना बॅटरी. अर्ध्या-पाऊण तासाचं काम असेल, तर बॅटरीचा मॉवर घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि तो चालवणाऱ्याच्या फुप्फुसांना आणि कानांना नक्कीच बरा.

सर अजूनही तोच मॉवर वापरतात. आता दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘आधी बॅटरी काढा’. अक्षर त्यांच्या पत्नीचं आहे.