उमाजींना मिळालेली माफी

आमच्या कोरेगाव भागात जुन्या गावगाड्याची गोष्ट निघाली की रामोशी येतोच. रात्रीची गस्त त्याची, चोरीचा माग काढायचा त्यानेच, आणि माग लागला नाही तर जाब द्यायचा तोही त्यानेच. उमाजी नाईक खोमणे यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

7 सप्टेंबर 1791 रोजी पुरंदरच्या पायथ्याला, भिवडीत त्यांचा जन्म झाला. वडील दादोजी किल्ल्याच्या राखणीवर होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरच्या रामोशांचे हक्क गेले आणि 1818 नंतर कंपनी सरकारने उरलीसुरली चाकरीही काढली. ज्यांच्या भरवशावर गावं निवांत झोपायची, त्यांच्याच घरात उपासमार आली. उमाजी तुरुंगात गेले, तिथे लिहायला-वाचायला शिकले, बाहेर येऊन टोळी उभी केली. पुण्याकडचा मुलूख कंपनीचा, इकडे प्रतापसिंह महाराजांचं सातारा राज्य, मध्ये भोरच्या पंतसचिवांची जहागीर. एक हद्द ओलांडून दुसरीत उतरायला डोंगरातली एक रात्र पुरायची.

ते हाती लागेनात, तेव्हा 1828 च्या सुमारास सरकारने माफी दिली. सगळ्या कहाणीत मला हीच जागा सर्वांत बोलकी वाटते. माफीबरोबर उमाजींना काम कोणतं दिलं? मुलखाच्या राखणीचं! जे हिरावलं म्हणून बंड झालं, तेच परत केलं; पण एका नाईकाला आणि त्याच्या माणसांना. बाकीच्या रामोशी घरांच्या चुलीपर्यंत ती माफी पोचलीच नाही. उमाजी गावांकडून जुन्या रिवाजाने हक्क वसूल करू लागले. साहेबाच्या लेखी ती खंडणी होती. ते पुन्हा डोंगरात गेले आणि 1831 मध्ये त्यांचा जाहीरनामा निघाला: इंग्रजांच्या नोकऱ्या सोडा, सारा भरू नका. सरकारने त्यांच्या डोक्यावर रोकड आणि जमिनीचं इनाम लावलं.

घात आपल्याच माणसांनी केला. 15 डिसेंबर 1831 रोजी भोरजवळच्या उतरोलीत ते पकडले गेले. त्यांच्या पाठलागाची मोहीम चालवणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने 1833 मध्ये रामोशांवर पुस्तक छापलं, त्यात उमाजींचं चरित्र आहे. चरित्रनायक ते वाचायला उरला नव्हता. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात, खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिलं होतं. शव तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणून.