एसक्यूएलमध्ये घात काढताना १ लाखाचे ११ लाख कसे होतात?

१ लाख रुपये वर्षाला ७ टक्के चक्रवाढ व्याजाने १० वर्षं ठेवले, तर शेवटी किती मिळतील? शाळेतलं सूत्र सांगतं, १.०७ चा १० वा घात काढा आणि त्याला १ लाखाने गुणा. उत्तर येतं सुमारे १,९६,७१५ रुपये.

हाच हिशेब हजारो खात्यांसाठी हवा असेल, तर तो डेटाबेसकडूनच करून घेतात. त्यासाठी एसक्यूएलमध्ये 'पॉवर' हे फंक्शन आहे. कंसात आधी पाया आणि मग घातांक लिहायचा: पॉवर(१.०७, १०). मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या सगळ्यांत ते चालतं.

मग चुकतं कुठे? एक्सेल वापरणाऱ्यांना घातासाठी टोपीसारखं दिसणारं कॅरेट चिन्ह टाकायची सवय असते. पोस्टग्रेसमध्ये ते चालूनही जातं. मायएसक्यूएलमध्ये मात्र त्याच चिन्हाचा अर्थ आहे 'एक्सॉर', म्हणजे दोन संख्या बायनरीत मांडून जिथे अंक वेगळे असतील तिथे १ आणि सारखे असतील तिथे ० लिहिणं. त्यासाठी पूर्णांक लागतो, म्हणून १.०७ चा आधी १ होतो. १ म्हणजे बायनरीत ०००१ आणि १० म्हणजे १०१०. एक्सॉर केल्यावर येतं १०११, म्हणजेच ११. त्याला १ लाखाने गुणलं की खातेदाराच्या नावावर थेट ११ लाख! आणि एररचा पत्ता नाही. अर्थात, एवढी मोठी चूक निदान कुणाच्या तरी डोळ्यांत खुपेल.

एसक्यूएल सर्व्हरमधली चूक त्याहून लबाड आहे. तिथे पॉवर फंक्शन नीट लिहूनही उत्तर हुकतं, कारण पाया ज्या प्रकारचा, उत्तरही त्याच प्रकारचं मिळतं. १.०७ मध्ये दशांशचिन्हापुढे दोनच अंक आहेत, त्यामुळे १.९६७१५ ऐवजी १.९७ हाती येतं. १ लाखाचे होतात १,९७,००० रुपये, म्हणजे २८५ रुपये जास्त. अशी हजार खाती असतील तर फरक २ लाख ८५ हजारांवर जातो. पाया पूर्णांक असेल तर दशांश पूर्णच गळतात. २ चा ०.५ वा घात, म्हणजे २ चं वर्गमूळ, तिथे १.४१ नाही, तर नुसतं १ येतं.

उपाय छोटा आहे. पाया आधी 'कास्ट' वापरून 'फ्लोट' प्रकारात बदलायचा, मग पॉवरमध्ये द्यायचा. पैशांचं राउंडिंग करायचं ते अगदी शेवटी, गुणाकार झाल्यावर.